उलटसुलट प्रवाहाची साक्ष



लातूरच्या माणसाला पाण्याची किंमत सांगण्याच्या भरीस कोणी पडू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून 'जलदूत' नावाची आगगाडी लातुरात पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, प्रत्येक वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर. पाणी रेल्वेने येते हे दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांना तो दिवस विसरता येणार नाही. नांदेडची गोष्ट थोडी निराळी. तेथे गोदावरी उशाशी आहे. पण त्याच जिल्ह्यात किनवटकडे गेलो की काही गावांच्या विंधन विहिरींत फ्लोराइडचे प्रमाण बेताबाहेर आढळते. तेव्हा पाणी आहे किंवा नाही हा एक प्रश्न, आणि असलेल्या पाण्यात काय आहे हा दुसरा. माझे आजचे बोलणे या दुसऱ्या प्रश्नाच्या एका आडवाटेवरचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी लातुरात एका आप्ताकडे उतरलो होतो. दुपारी एक तरुण विक्रेता पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची महती सांगायला आला. त्याच्यापाशी दोन साधने होती. पहिले पेनाएवढे, ते पाण्यात बुडवले की आकडा दिसे. घरच्या विंधन विहिरीच्या पाण्याला अकराशेच्या घरातला आकडा आला, त्याने बरोबर आणलेल्या पाण्याला साठ. दुसरे साधन म्हणजे चार धातूच्या कांड्यांचा एक चौकोनी ठोकळा. दोन कांड्या एका पेल्यात, दोन दुसऱ्यात. वायर भिंतीतल्या प्लगला. बटण दाबताच आमच्या पेल्यातले पाणी हिरवट, मग तपकिरी झाले आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्यात गाळाचे ढग उठले. त्याच्या पेल्यातले पाणी निर्मळ राहिले. "काका, इतकी वर्षे तुम्ही हे पीत होता," तो म्हणाला. घरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मी त्याला एवढीच विनंती केली की, बाबा, तुझ्या निर्मळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकू दे आणि पुन्हा बटण दाब. तो जरा घुटमळला, पण घरच्या मुलाने मीठ टाकलेच. आणि निर्मळ पाण्यातही तोच तपकिरी गाळ उठला.

गाळ पाण्यातला नव्हताच. तो कांडीचा होता. ठोकळ्यात घरचा ए. सी. प्रवाह सरळ म्हणजे डी. सी. करून कांड्यांना दिला जातो. एका दिशेने वाहणाऱ्या त्या प्रवाहाने लोखंडाची कांडी विरघळते आणि तिचेच गंजासारखे संयुग पाण्यात साचते. पाण्यात क्षार असले की प्रवाह जोरात वाहतो, नसले की वाहत नाही; एवढाच काय तो पाण्याचा भाग. मीठ घालून केलेला वरणभात खाणाऱ्या गृहस्थांना मिठाची भीती घालून यंत्र विकण्याचा हा प्रकार आहे. पण माझे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. पेनातही दोन लहान विद्युदग्रे होती, तीही त्याच पाण्यात बुडत होती, तरी त्यांच्याभोवती गाळ का झाला नाही? पेनातली वीज तर थोडी असतेच. पण मुख्य म्हणजे ती उलटसुलट वाहते. एका क्षणी जे घडते ते पुढच्या क्षणी पुसले जाते. या पुसण्याची युक्ती ज्याने रूढ केली त्याच्यापासूनच आपल्या गोष्टीला आरंभ होतो.

त्याचे नाव फ्रीड्रिख कोलराउश. १८६९ च्या सुमारास या जर्मन पदार्थवैज्ञानिकापुढे प्रश्न होता तो असा: मिठाच्या किंवा आम्लाच्या द्रावणाचा विद्युत्‌रोध मोजायचा कसा? तांब्याच्या तारेला बॅटरी जोडली की काम भागते. द्रावणाला जोडली की विद्युदग्रांवर वायू जमतो, तेथले द्रावण बदलते, आणि मोजलेला रोध हा द्रावणाचा की त्या कडेवरच्या गडबडीचा हे कळेनासे होते. कोलराउशने उलटसुलट प्रवाह वापरला. अर्ध्या आवर्तनात विद्युदग्रावर जे साचे, ते दुसऱ्या अर्ध्यात उतरे. कडेवरचा गोंधळ जवळजवळ नाहीसा झाला आणि द्रावण तेवढे उरले. पुढे त्याने मापनाच्या जोडणीत टेलिफोनचा कर्णा बसवला. कानात गुणगुण थांबली की माप बरोबर. आज मराठवाड्यातल्या घराघरांत खिशातून निघणारे ते पेन म्हणजे कोलराउशच्या पद्धतीचेच नातवंड होय.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. विद्युदग्राचे तोंड बंद करण्यासाठी उलटसुलट प्रवाह वापरात आला. पुढच्या शंभर वर्षांत नेमका तोच प्रवाह विद्युदग्राला बोलते करण्यासाठी वापरला गेला. हे कसे झाले ते पाहू.

पहिले पाऊल एमिल वारबुर्ग यांचे. हे बर्लिनचे प्राध्यापक. १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे जीवरसायनज्ञ ओटो वारबुर्ग हे त्यांचे चिरंजीव. १८९९ मध्ये वारबुर्ग यांनी प्रश्न उलटा केला. कडेवरची गडबड टाळायची नाही; उलटसुलट प्रवाह देऊन तिचाच अभ्यास करायचा. दाब जर सेकंदाला अमुक वेळा वरखाली होत असेल तर प्रवाह त्याच्या मागे राहतो, बरोबर चालतो, की पुढे धावतो? त्यांच्या गणिताने उत्तर दिले की, विद्युदग्रापर्यंत द्रव्य केवळ विसरणाने, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरून, येत असेल तर प्रवाह दाबाच्या आवर्तनाच्या एक-अष्टमांशाने पुढे असतो. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे धरले तर ४५ अंशांनी.

हे ४५ अंश आले कोठून? त्याचे उत्तर मराठवाड्याच्या काळ्या मातीत सापडते. आपल्याकडे ज्वारी साठवायला जमिनीत पेव काढीत असत. पेवाच्या तळाशी उन्हाळ्याची दुपार पोचत नाही हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. सूर्याची उष्णता जमिनीत झिरपते ती विसरणानेच. तिचे गणित फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेच गणित द्रावणातील आयनांना तंतोतंत लागू पडते. दिवसरात्रीच्या लाटेचा जोर साधारण दहा-बारा सेंटिमीटर खाली गेले की बराच ओसरतो आणि हातभर खाली तिचा मागमूस राहत नाही. या गणितात आणखी एक गंमत आहे. जमिनीत शिरणारी उष्णता ज्या घटकेला सर्वाधिक असते, त्या घटकेला पृष्ठभाग सर्वांत तापलेला नसतो. तो त्यानंतर एक-अष्टमांश आवर्तनाने, म्हणजे दिवसाच्या हिशेबात तीन तासांनी, तापतो. प्रत्यक्षात वारा आणि आकाश मध्ये पडतात आणि हा अवधी कमी होतो. वर्षाच्या हिशेबात तर तो दीड महिना व्हायला हवा. पण आपल्याकडे जूनमध्ये मृगाचा पाऊस सगळेच गणित धुऊन टाकतो, आला तर!

आता उष्णतेच्या जागी प्रवाह ठेवा, तापमानाच्या जागी विद्युदग्रालगतच्या आयनांची दाटी ठेवा. प्रवाह पुढे, दाटी एक-अष्टमांशाने मागे, आणि दाबाचे आवर्तन त्या दाटीबरोबर चालते. पेवाच्या मातीत लाट वीतभर जाते. द्रावणात सेकंदाला ५० आवर्तने दिली तर आयनांची लाट मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाइतकीच आत जाते. आवर्तने चौपट केली की ती खोली निम्मी होते. म्हणजे आवर्तने वाढवणे हे विद्युदग्राच्या अधिकाधिक जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे.

वारबुर्ग यांच्या शोधाचा उपयोग व्हायला मात्र काही दशके जावी लागली. मधल्या काळात प्राग येथे यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये काचेच्या केशनळीतून टपटपणाऱ्या पाऱ्याच्या थेंबालाच विद्युदग्र केले. थेंब पडला की नवा, स्वच्छ थेंब. जुन्या गाळाची भीती नाही. दाब हळूहळू वाढवीत जायचे आणि प्रवाह टिपायचा. शिसे, कॅडमियम, जस्त अशा धातूंचे आयन आपापल्या ठरलेल्या दाबाला थेंबावर उतरतात आणि तेथे प्रवाहाची एकेक पायरी उठते. पायरीची जागा धातूचे नाव सांगते, उंची त्याचे प्रमाण सांगते. विक्रेत्याच्या पेनाला जे कधीही जमणार नाही ते येथे जमले. पेन फक्त एकंदर क्षार मोजते. त्यात सोडियम किती आणि शिसे किती हे त्याला कळत नाही. मासुझो शिकाता या जपानी सहकाऱ्याबरोबर हेरोव्हस्की यांनी आलेख आपोआप काढणारे यंत्र केले, १९२५ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि या विद्येला पोलॅरोग्राफी हे नाव मिळाले. १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कामासाठी.

पण या पद्धतीच्या घरात एक चोर होता. धातूचा पृष्ठभाग द्रावणात बुडाला की त्याच्यालगत आयनांचा एक थर उभा राहतो. धातूवरचा भार आणि द्रावणातला हा थर मिळून एक धारित्र, म्हणजे कन्डेन्सर, तयार होते. थेंब वाढतो तसे त्या धारित्राला भरायला थोडा प्रवाह लागत राहतो. हा प्रवाह कोणत्याही धातूचा निरोप आणीत नाही. नुसती गर्दी करतो. एक लिटरमध्ये दोनेक मिलिग्रॅमपेक्षा कमी शिसे असले की त्याची पायरी या गर्दीत दिसेनाशी होई. पिण्याच्या पाण्यात आपल्या भारतीय मानकाने शिशाला दिलेली मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे जे मोजायचे ते दिसणाऱ्यापेक्षा दोनशे पटींनी लहान.

यावर उपाय म्हणून पुन्हा उलटसुलट प्रवाहाकडे लोक वळले. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या शेतकी विद्याशाखेत काम करणारे ब्रूनो ब्रायर आणि त्यांचे सहकारी गुटमान यांनी १९४६ पासून ही रीत पद्धतशीर मांडली. हळूहळू चढणाऱ्या दाबावर एक लहानसा, पाच-दहा मिलिव्होल्टचा, उलटसुलट झोका ठेवायचा. चढावरून जाणाऱ्या बैलगाडीतला कंदील जसा चढतही असतो आणि हिंदकळतही असतो, तसा हा दाब. मोजायचे ते फक्त हिंदकळणे. मग पायरीच्या जागी देवळाच्या घंटेसारख्या आकाराचे एक शिखर उठते. तेथेच का? कारण त्या दाबाला आयन आणि धातू यांचे पारडे समतोल असते आणि लहानशा धक्क्याने ते सर्वांत जास्त हलते. त्याच्या खाली किंवा वर पारडे एका बाजूला टेकलेले असते. मग कितीही हलवा. या रीतीला पोलॅरोग्राफीत ए. सी. पोलॅरोग्राफी म्हणत, पाऱ्याच्या थेंबाऐवजी स्थिर विद्युदग्रही वापरू लागल्यावर ए. सी. व्होल्टॅमेट्री हे व्यापक नाव रूढ झाले.

आता चोराचे काय? धारित्राचा प्रवाह दाबाच्या पाव आवर्तन, म्हणजे ९० अंश, पुढे असतो. पाण्याच्या हौदाचा दाखला घ्या: पातळी खालीवर होत असेल तर नळातली धार सर्वांत मोठी कधी असते? पातळी मधोमध असून वेगाने बदलत असते तेव्हा. पातळी कळसाला पोचते त्या क्षणी धार शून्य. म्हणजे दाबाचा झोका ज्या क्षणी टोकाला असतो, त्या क्षणी धारित्राचा प्रवाह शून्य असतो. आणि आयनांचा प्रवाह, तो ४५ अंशच पुढे असल्यामुळे, आपल्या कमाल मूल्याच्या सात-दशांश अजून शिल्लक असतो. नेमके त्या घटकेला पाहिले की चोर घराबाहेर आणि धनी घरात! प्रत्यक्षात असे एकेका क्षणाला डोळे लावून बसत नाहीत. इलेक्ट्रॉनिक जोडणी अनेक आवर्तनांतून दाबाबरोबर चालणारा तेवढा भाग निवडून काढते. वारबुर्ग यांच्या कोरड्या वाटणाऱ्या ४५ अंशांना असा उपयोग सापडला. धारित्राला मात्र अगदीच चोर ठरवणे योग्य नव्हे. ब्रायर यांनीच पुढे दाखवले की साबणासारखे पदार्थ विद्युदग्राला चिकटले की धारित्र बदलते, आणि मग ज्यांचा इलेक्ट्रॉनाशी काही व्यवहार नाही अशा पदार्थांचाही माग त्या बदलावरून लागतो.

दरम्यान, १९४७ मध्ये फॅरेडे सोसायटीने विद्युदग्रांवरील प्रक्रियांवर एक चर्चासत्र भरवले. तेथे बर्मिंगहॅमचे जॉन रँडल्स आणि मॉस्कोचे एर्शलर यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, जवळजवळ एकच गोष्ट मांडली. ४५ अंश हे तेव्हाच येतात जेव्हा इलेक्ट्रॉन देण्याघेण्याला काहीच वेळ लागत नाही. देणेघेणे जर मंद असेल तर कोन ४५ हून कमी होतो, आणि आवर्तने जितकी वाढवावी तितका अधिक कमी होतो. त्या घटीवरून प्रक्रियेचा वेग काढता येतो. मला हे या शास्त्रातले सर्वांत सुंदर पान वाटते. किती आहे हे सांगणारी साधने पुष्कळ आहेत; घड्याळाला न पेलणारा वेग कोनावरून वाचायचा ही गोष्ट निराळीच. पुढे अमेरिकेत ग्रॅहम यांनी १९५२ मध्ये या सिद्धान्ताला गणिताचा भक्कम पाया दिला. १९६६ मध्ये डॉनल्ड स्मिथ यांनी तो सगळा एका दीर्घ प्रकरणात मांडला. तो वाचायला धीर लागतो एवढेच सांगून पुढे जातो.

कारण मला आता घरच्या माणसांकडे यायचे आहे. लातूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा. म्हणून हे मुद्दाम सांगतो की या शास्त्रात भारताचा मोठा वाटा ज्यांनी उचलला ते के. एस. जी. डॉस हे काही वर्षे कानपूरच्या साखर-तंत्रज्ञान संस्थेत भौतिक रसायनज्ञ होते. १९५० मध्ये त्यांनी आणि एच. पी. अगरवाल यांनी एक शोध प्रसिद्ध केला. विद्युदग्राला शुद्ध उलटसुलट प्रवाह दिला, जितका पुढे तितकाच मागे. अशा वेळी विद्युदग्राचा सरासरी दाब जेथे होता तेथेच राहायला हवा. पण तो राहत नव्हता! तो थोडासा, पण नेमाने, एका बाजूला सरकत होता. असले लहान सरकणे पाहून दहांतले नऊ जण जोडणी तपासतील, वायर बदलतील आणि वहीत 'उपकरणातील दोष' अशी नोंद करतील. या दोघांनी त्याला प्रक्रियेचाच गुण मानले.

कारण असे की विद्युदग्रावर जाण्याची वाट आणि परतीची वाट सारखी सोपी नसते. उताराच्या पायथ्याशी गाडी उभी करून तिला सारख्याच जोराने पुढेमागे ढकलत राहा. काही वेळाने ती पहिल्या जागी सापडणार नाही. मोबाइलच्या चार्जरमध्ये ए. सी. चा डी. सी. करणारा भाग अशाच असमान वाटेवर चालतो. येथे ते काम धातू आणि द्रावण यांची सीमारेषा स्वतःच करते. झोका दुप्पट केला तर सरकणे चौपट होते, आणि त्यावरून अतिशय वेगवान प्रक्रियांचाही वेग काढता येतो. डॉस आणि अगरवाल यांनी याला 'रेडॉक्सोकायनेटिक परिणाम' असे नाव दिले व १९५१ पासून त्याचा सिद्धान्त भारतीय विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात मांडला. १९५७ मध्ये इंग्लंडात ओल्डहॅम यांनी त्याचे गणित पुन्हा नव्याने केले, हार्वेलच्या अणुशक्ती केंद्रात बार्कर यांनी त्याचा मोठा उपयोग केला, आणि जगात नाव रूढ झाले ते 'फॅरेडेइक रेक्टिफिकेशन'. पहिल्या शोधाचे श्रेय जाणकारांनी नाकारले नाही हे खरे. पण नाव गेले की पुढची पिढी शोधकालाही विसरते. लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत नेर्न्स्टचे समीकरण पाठ नसलेला बारावीचा मुलगा मिळणे कठीण. डॉस हे नाव ऐकलेला मिळणे त्याहून कठीण. मला याची खंत वाटते, आणि ती मी लपवीत नाही.

डॉस पुढे तमिळनाडूतील कारैकुडीच्या केंद्रीय विद्युद्रसायन संशोधन संस्थेचे संचालक झाले. ती संस्था १९५३ मध्ये सुरू झाली होती. त्याच परंपरेतले एस. के. रंगराजन यांनी १९७४ मध्ये लहानमोठ्या सर्व झोक्यांचे, सरळ आणि वाकड्या सर्व प्रतिसादांचे एकच गणित मांडण्याचा उद्योग केला. अगरवाल यांनी त्याच वर्षी आपल्या पद्धतीवर एक विस्तृत प्रकरण लिहिले. भोपाळला राहून ते आयुष्यभर या एका विषयाला चिकटून राहिले. ओल्डहॅम हेही ४५ अंशांना विसरले नाहीत. पूर्ण अवकलनाने आवर्तन ९० अंश पुढे सरकते. मग ४५ अंश म्हणजे अर्धे अवकलन! असे अर्ध्या अवकलनाचे गणित त्यांनी स्पॅनियर यांच्याबरोबर १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वाट असमान असल्यामुळे प्रतिसादात मूळच्या दुप्पट, तिप्पट आवर्तनांचे सूरही उमटतात आणि त्यांत धारित्राची लुडबूड कमी असते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन बाँड यांनी संगणकाच्या साहाय्याने मोठा झोका देऊन हे सूर एकदम वेगळे करण्याची रीत विकसित केली.

आता पुन्हा त्या लातूरच्या पेल्याकडे येऊ. पेनाचा आकडा अकराशे. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालेल. म्हणजे ते पाणी चवीला जड होते, यापलीकडे त्या आकड्याने काही सिद्ध केले नव्हते. साठ आकडा असलेल्या पाण्यातही शिसे असू शकते. लिटरमागे शतांश मिलिग्रॅमने पेनाचा आकडा हलणार नाही. ते शोधायचे तर नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तेथे काही मिनिटे शिसे विद्युदग्रावर जमवून घेतात, मग दाब उलटा चढवीत ते उतरवतात, आणि त्या उतरण्यावर उलटसुलट झोका ठेवून शिखर मोजतात. जमवून घेतल्यामुळे एरवी आवाक्याबाहेर असलेली शतांश मिलिग्रॅमची मर्यादा येथे हाताशी येते. आणि किनवटच्या फ्लोराइडबद्दल यातली कोणतीच रीत बोलत नाही, कारण तो आयन या विद्युदग्रांवर काही देत-घेत नाही. त्यासाठी १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचे निराळेच विद्युदग्र केले. ते पाण्यात बुडवून नुसता दाब वाचायचा असतो, त्याला झोका द्यावा लागत नाही.